स्पर्धकांचे सामाईक संशोधन आणि शासनाचे साहाय्य

साखर कारखान्यांमध्ये उसासाठी किती ओढाताण चालते, हे उसाच्या पट्ट्यातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. दरावरून, तोडणीच्या टोळ्यांवरून आणि कार्यक्षेत्राच्या हद्दीवरून शेजारच्या कारखान्यांचे अनेकदा बिनसते. परंतु २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा ही कीड दिसून आली व लवकरच ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरली, तेव्हा या चढाओढीचा काहीच उपयोग नव्हता. किडीला कारखान्याची हद्द समजत नाही. माणसाच्या डोक्यावर गेलेल्या दाट उसात शिरून औषध फवारणे अवघड आणि खर्चाचे. या माव्यावर जगणारे ‘डिफा’ व ‘मायक्रोमस’ हे मित्रकीटक ओळखणे, त्यांची वाढ करणे आणि ते फडात सोडणे हाच टिकाऊ उपाय होता. एकाने मित्रकीटक सोडावेत आणि शेजाऱ्याने स्वस्थ बसावे, अशाने कीड आटोक्यात येणारी नव्हती. म्हणून कृषी विद्यापीठ, कृषी खाते, मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था आणि कारखाने यांनी हे काम मिळून केले.

जे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, त्यांनी काही प्रश्नांची उत्तरे एकत्र शोधावीत आणि त्या शोधाच्या खर्चाचा काही भाग सार्वजनिक निधीतून दिला जावा, ही कल्पना वरील उदाहरणात सामावलेली आहे. युरोपातील अनेक देशांनी तिला गेल्या शंभर वर्षांत निश्चित स्वरूप दिले. आपल्याकडेही तिची परंपरा लहान नाही. ही पद्धत कशी चालते, ती कोठे फळास आली, कोठे फसली आणि तिच्यातून सामान्य माणसाच्या पदरी काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शासनाने खर्च का उचलावा?

कारखानदाराने आपला माल सुधारण्यासाठी स्वतःचा पैसा घालावा, जनतेच्या पैशाला त्यात हात लावू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. त्याचे उत्तरही दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, ज्ञानाला कुंपण घालता येत नाही. एका गिरणीने सूत कमी तुटावे म्हणून खोलीतील ओलावा किती असावा हे शोधून काढले, तर ती माहिती थोड्याच दिवसांत इतर गिरण्यांकडे जाते. शोधासाठी खर्च करणाऱ्यास लाभाचा एक हिस्सा मिळतो, उरलेला लाभ सर्वांना मिळतो. अशा स्थितीत प्रत्येकजण दुसऱ्याने आधी खर्च करावा म्हणून थांबतो आणि शेवटी कोणीच खर्च करीत नाही.

दुसरी गोष्ट लहान उद्योगांची. दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यास प्रयोगशाळा उभारणे, तज्ज्ञ नेमणे आणि वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहणे परवडत नाही. असे शंभर कारखाने मिळून मात्र एक प्रयोगशाळा चालवू शकतात.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. संशोधनात दहांपैकी सात प्रयत्न वाया जाऊ शकतात. बँक अशा कामाला कर्ज देत नाही, कारण तारण म्हणून ठेवायला काहीच नसते. ही जोखीम वाटून घेण्याचे काम शासन करू शकते. मात्र शासनाने सारा खर्च उचलू नये. उद्योगाने स्वतःचा पैसा घातला, तरच तो उपयोगाचा प्रश्न निवडतो आणि उत्तराचा पाठपुरावा करतो.

युरोपातील अनुभव

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या ध्यानी आले की, रंग, औषधे आणि काचेची उपकरणे यांसाठी आपला देश जर्मनीवर अवलंबून आहे. युद्ध चालू असतानाच तेथील शासनाने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन खाते स्थापन केले आणि १९१७ साली दहा लाख पौंडांचा निधी राखून ठेवला. एकेका धंद्यातील कारखान्यांनी संशोधन संघ स्थापावा, सभासदांनी वर्गणी गोळा करावी आणि तिला जोड म्हणून शासनाने या निधीतून अनुदान द्यावे, अशी ती योजना होती. मँचेस्टरजवळची, सुती धंद्याची प्रसिद्ध शर्ली संस्था याच काळात निघाली. जर्मनीत १९५४ साली अशा संघांचा महासंघ स्थापन झाला. लहान व मध्यम उद्योगांच्या सामाईक प्रश्नांवरील संशोधनास तेथील अर्थ मंत्रालय साहाय्य देते व निष्कर्ष त्या धंद्यातील सर्वांना खुले राहतात.

१९८०च्या सुमारास युरोपापुढे नवे संकट उभे राहिले. संगणक आणि विद्युत्कणी उपकरणे यांच्या बाजारात अमेरिका व जपान पुढे गेले होते. एकेका युरोपीय देशातील एकेक कंपनी त्यांच्याशी टक्कर देण्यास अपुरी पडत होती. त्यावर युरोपीय समुदायाने १९८४ साली माहिती तंत्रज्ञानासाठी ‘एस्प्रिट’ हा कार्यक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतील कंपन्यांनी एकत्र येऊन संशोधन करावे आणि साधारणपणे निम्मा खर्च समुदायाने द्यावा, असे त्याचे सूत्र होते. माल बाजारात येण्यापूर्वीच्या पायाभूत अभ्यासापुरतीच ही मदत असल्याने तिला ‘स्पर्धापूर्व संशोधन’ असे नाव पडले. पाया एकत्र घालावा, त्यावरचे घर ज्याचे त्याने बांधावे, असा त्याचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, पॅरिस येथील परिषदेत ‘युरेका’ या योजनेचा जन्म झाला. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांचा तीत पुढाकार होता आणि युरोपीय समुदायाबाहेरचे देशही सहभागी झाले होते. युरेकाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्याजवळ स्वतःची मोठी तिजोरी नाही. किमान दोन देशांतील भागीदार एखादा नागरी उपयोगाचा प्रकल्प सुचवितात. योजना त्यास मान्यता देते. आणि प्रत्येक देश आपापल्या भागीदारास आपल्या नियमांप्रमाणे पैसा देतो. कोणता प्रश्न हाती घ्यावा हे मंत्रालय ठरवीत नाही, ते भागीदार ठरवितात.

या एकाच योजनेतील दोन प्रकल्पांची कथा बोधप्रद आहे. १९८६ साली अतिस्पष्ट चित्र देणाऱ्या दूरचित्रवाणीचा प्रकल्प सुरू झाला. युरोपातील मोठमोठ्या कंपन्या त्यात होत्या आणि शासनांनी भरघोस पैसा ओतला. परंतु प्रक्षेपणाची पद्धत आधीच ठरवून टाकली होती आणि ती जुन्या धर्तीची होती. १९९०नंतर अमेरिकेत पूर्णपणे अंकीय पद्धत पुढे आली व १९९३ साली युरोपला आपली योजना सोडून द्यावी लागली. दुसरा प्रकल्प अंकीय ध्वनिप्रक्षेपणाचा, १९८७ साली सुरू झालेला. त्याची पद्धत प्रथमपासून अंकीय होती. तीवर आधारलेले नियमित प्रसारण १९९५ साली ब्रिटन व नॉर्वे येथे सुरू झाले. २०१७ साली नॉर्वेने आपली राष्ट्रीय आकाशवाणी केंद्रे जुन्या पद्धतीवरून काढून पूर्णपणे या पद्धतीवर नेली. हातातील बाजार राखण्यासाठी ठरलेल्या उत्तरावर खर्च केलेला पैसा बुडू शकतो, हा त्यातील बोध होय.

आता युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा कार्यक्रम २०२१ ते २०२७ या काळासाठी असून त्याची मूळ तरतूद सुमारे ९,५५० कोटी युरोंची आहे. लहान उद्योगांना मोठ्यांच्या रांगेत उभे राहणे जड जाते, म्हणून २००८ पासून ‘युरोस्टार्स’ ही त्यांच्यासाठी वेगळी योजना चालविली जाते.

आपल्याकडील परंपरा

ही पद्धत आपणांस परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. कापूस उपकर कायदा १९२३ साली झाला आणि गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या व परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गाठींवर काही आण्यांचा उपकर बसला. त्या पैशातून भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे काम चालले आणि १९२४ साली मुंबईत माटुंगा येथे कापसाची तंत्रशाळा उभी राहिली. कोणत्या वाणाच्या धाग्यातून किती बारीक सूत निघते, हे तेथे कातून पाहिले जाई. विदर्भ-खानदेशातील शेतकऱ्याचा कापूस आणि गिरणीमालकाचे सूत यांच्यामधील हा दुवा गाठीमागच्या आण्यांवर उभा होता.

स्वातंत्र्यानंतर कापड धंद्याने सहकारी संशोधन संघांचा मार्ग धरला. अहमदाबादच्या गिरण्यांचा संघ १९४७ साली, रेशीम व कृत्रिम रेशीम गिरण्यांचा वरळी येथील संघ १९५० साली, मुंबईच्या कापड गिरण्यांचा घाटकोपर येथील संघ १९५४ साली आणि ठाण्याचा लोकर संशोधन संघ १९६३ साली स्थापन झाला. मोटारधंद्यातील कारखाने आणि केंद्र शासन यांनी मिळून १९६६ साली पुण्यात भारतीय वाहन संशोधन संघटना काढली. पुणेकर ज्या टेकडीस तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात, तेथे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांची वाहने एकाच चाचणीस उभी राहतात.

साखरधंद्यात दक्षिणेतील साखर तंत्रज्ञांची संघटना १९३६ सालापासून होती. सहकारी कारखान्यांनी १९७५ साली दख्खन साखर संस्था स्थापन केली. वसंतदादा पाटील यांचे १९८९ साली निधन झाल्यानंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे ठरावीक वर्गणी या संस्थेस देतात. उसाचे वाण, ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे, माती-पाण्याची तपासणी, कारखान्यातील यंत्रांची कार्यक्षमता आणि मद्यार्क निर्मिती असे तिचे कामाचे क्षेत्र आहे. ही वर्गणी अखेर उसाच्या पैशातूनच जाते. म्हणजे फडात ऊस लावणारा प्रत्येक शेतकरी, त्याला ठाऊक असो वा नसो, एका संशोधन संस्थेचा वर्गणीदार असतो. त्या संस्थेकडून आपल्या जमिनीसाठी काय मिळू शकते, हे विचारण्याचा अधिकार त्यास आहे.

जामबाग आणि हैदराबादची औषधे

मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे हैदराबादेतील जामबाग, सुलतान बाजार, कोठी हा भाग कित्येक मराठी घराण्यांच्या परिचयाचा आहे. जामबागेतील विवेक वर्धिनी संस्थेने तेथे मराठी शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली. आज या भागातील औषधाच्या दुकानात जी गोळी विकत मिळते, ती कित्येकदा त्याच शहराच्या परिसरात तयार झालेली असते. औषधांचा हा धंदा हैदराबादेत कसा रुजला, यात सार्वजनिक संशोधनाचा मोठा वाटा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, निजामाच्या राजवटीत हैदराबादेत शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन झाल्या. १९५६ साली केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्या आपल्याकडे घेतल्या व त्यांचे नाव प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा असे झाले. १९८९ पासून ती भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९६१ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपनीचा मोठा कारखानाही याच शहरात उभा राहिला. तेथे काम शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. त्यांपैकी अंजी रेड्डी यांनी मुंबईत औषधशास्त्राचे शिक्षण व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन केले, काही वर्षे त्या सरकारी कारखान्यात नोकरी केली आणि १९८४ साली स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली.

पुणे, मुंबई व हैदराबाद यांचा हा दुवा पुढेही टिकला. ए. व्ही. रामाराव १९८५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून गेले. एड्सवरील झिडोव्हुडीन हे औषध परदेशांतून फार महाग दराने मिळत असे. ते येथे बनविण्याची कृती हैदराबादच्या संस्थेने तयार केली आणि १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या सिप्ला कंपनीने त्या आधारे औषध बाजारात आणले. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार त्या काळी औषधाच्या कृतीस पेटंट मिळे, औषधास मिळत नसे, म्हणून हे शक्य झाले. १ जानेवारी २००५ पासून औषधासही पेटंट मिळू लागले. ज्ञात औषधाची नवी कृती शोधण्यावर भागत होते, तो काळ त्यामुळे बव्हंशी संपला. नव्या औषधाचा वा लशीचा शोध लावावयाचा, तर त्याचा खर्च एकट्या कंपनीस झेपणे कठीण. सामाईक संशोधनाची निकड तेव्हापासून वाढली आहे.

कोव्हिडच्या साथीत याची कसोटी लागली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुणे येथील राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला आणि तो २०२० साली हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीस दिला. त्यापासून तयार झालेल्या कोव्हॅक्सिन लशीस ३ जानेवारी २०२१ रोजी आणीबाणीतील मर्यादित वापरासाठी परवानगी मिळाली. एका कंपनीचे उत्पादन देशास पुरणार नाही हे दिसताच केंद्र शासनाने एप्रिल २०२१ मध्ये इतर उत्पादकांनाही साहाय्य जाहीर केले. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळास सुमारे ६५ कोटी रुपये, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीस सुमारे ६० कोटी रुपये आणि बुलंदशहर येथील सार्वजनिक कंपनीस सुमारे ३० कोटी रुपये, असे ते साहाय्य होते. एकाची कृती, इतरांचे कारखाने आणि शासनाचा पैसा, असा हा मेळ होता.

याच प्रकरणात मालकीचा प्रश्नही पुढे आला. लशीच्या निव्वळ विक्रीवर परिषदेस ५ टक्के स्वामित्वधन मिळावे, असे करारात ठरले होते. तरीही लशीच्या पेटंटसाठी केलेल्या अर्जात केवळ कंपनीचे नाव असल्याचे २०२४ साली उघड झाले. हे अनवधानाने घडल्याचे सांगून कंपनीने परिषदेचे नाव सह-अर्जदार म्हणून घालण्याची कार्यवाही सुरू केली. विक्रीतील हिस्सा आणि शोधाची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने सर्वांच्या नजरेस आणून दिले. सार्वजनिक पैसा ज्या शोधात आहे, त्याचा हक्क कोणाकडे राहतो यावर पुढे त्या वस्तूची किंमत आणि तिचे उत्पादन करण्याची मुभा अवलंबून असते.

करारात काय असावे?

वरील अनुभवांवरून सामाईक संशोधनाच्या करारात पुढील बाबी काम सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट असाव्यात, असे दिसून येते.

(१) प्रश्न नेमका कोणता आणि तो कोणत्या टप्प्यापर्यंत एकत्र सोडवावयाचा, हे लिहिलेले असावे. पायाभूत माहिती, चाचण्या, मानके व रोगकिडींचे नियंत्रण ही सामाईक कामे होत. मालाची किंमत व विक्रीचे क्षेत्र यांविषयी आपसांत ठरविणे म्हणजे ग्राहकाविरुद्ध संगनमत होय; त्यास संशोधनाचे नाव देता येणार नाही.

(२) प्रत्येक भागीदाराचा वाटा पैशात, यंत्रांत वा तज्ज्ञांच्या वेळात किती, हे ठरलेले असावे. शासनाचा वाटा टप्प्याटप्प्याने व काम पाहून दिला जावा.

(३) आधीपासून कोणाजवळ कोणते ज्ञान होते आणि एकत्र कामातून कोणते नवे ज्ञान निघाले, यांची वेगवेगळी नोंद असावी. पेटंटच्या अर्जावर कोणाकोणाची नावे येतील, हे या नोंदीवरून ठरते.

(४) निष्कर्ष कोणास, केव्हा आणि किती मोबदल्यात वापरता येतील, हे सांगितलेले असावे. लहान उद्योगांसाठी व सार्वजनिक आरोग्याच्या गरजेसाठी सवलतीची तरतूद असावी.

(५) काम फसत असल्याचे दिसल्यास ते थांबविण्याचा अधिकार कोणास, हे ठरलेले असावे. युरोपातील दूरचित्रवाणी प्रकल्पावरून या कलमाचे महत्त्व पटेल.

गाव, कार्यालय आणि शाळा

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खाजगी क्षेत्राने संशोधनात अधिक भांडवल घालावे म्हणून त्यास दीर्घ मुदतीचे, अल्प वा शून्य व्याजाचे साहाय्य देणे हा तिचा हेतू आहे. एवढा मोठा पैसा संशोधनाकडे वळत असताना तो मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या पलीकडे पोहोचावा, यासाठी खालच्या पातळीवरही जागरूकता हवी.

अधिकाऱ्यांनी अनुदानाचा हिशेब पाहताना खर्च झालेल्या रुपयाबरोबर निष्कर्ष कोठवर पोहोचले हेही पाहावे. प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलेला अहवाल म्हणजे अर्धवट राहिलेले काम होय. इचलकरंजीचा यंत्रमागधारक, भंडाऱ्याचा भातगिरणीवाला, जालन्याचा बियाणे उत्पादक यांच्या धंद्यांतील सामाईक अडचणींची यादी तालुका वा जिल्हा पातळीवर तयार झाली, तर संशोधन संस्थांना प्रश्न शोधत बसावे लागणार नाही.

गावकऱ्यांनी आपण देत असलेल्या वर्गणीची विचारपूस करावी. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराची चर्चा होतेच. संशोधनासाठी किती रक्कम गेली, तिच्यातून कोणते बेणे, कोणती तपासणी, कोणता सल्ला आपल्या गटास मिळाला, हा प्रश्नही त्याच सभेत विचारता येतो. तसेच शेतकऱ्याचे निरीक्षण हा संशोधनाचा आरंभ असतो. पानावर वेगळा रंग, वेगळा किडा दिसताच तो सहायक कृषी अधिकाऱ्यास दाखविला, तर तज्ज्ञांस मोलाचे दिवस मिळतात.

शिक्षकांकडे याहून दूरवरचे काम आहे. स्पर्धेत पहिला येण्याची शिकवण मुलांना शाळेत भरपूर मिळते. चार मुलांनी मिळून गावच्या विहिरींचे पाणी तपासावे, प्रत्येकाने आपली नोंद स्वतःच्या नावाने ठेवावी आणि निष्कर्ष सर्वांचा म्हणून ग्रामपंचायतीस सादर करावा, असा साधा उपक्रमही त्यांना या पद्धतीचा परिचय करून देईल. काम वाटून घेणे, श्रेय प्रामाणिकपणे नोंदविणे आणि मिळालेले ज्ञान गरजूपर्यंत पोहोचविणे, या तीन सवयी ज्यांना लहानपणी लागतील, तेच उद्या सामाईक संशोधनाचे करार नीट लिहितील आणि पाळतील.